प्रार्थनेचे दार

ज्याला एखादी चांगली वस्तू लाभली, त्याने ती दुसऱ्यास द्यावी की आपल्यापाशीच ठेवावी, असा प्रश्न केला तर कोणीही ‘द्यावी’ असेच उत्तर देईल. अन्न, पाणी, विद्या ह्यांच्याविषयी ह्या उत्तरात मतभेद संभवत नाही. परंतु ती वस्तू श्रद्धा असेल तर आपण लगेच सावध होतो. देणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेतो, घेणाऱ्याच्या दुबळेपणाची काळजी करतो, आणि देवघेवीच्या पाठीमागे काही सौदा तर नाही ना, हे चाचपून पाहतो. ह्या सावधपणात काही अंश शहाणपणाचा आहे व काही अंश नुसत्या भीतीचा आहे. हे दोन अंश एकमेकांपासून निराळे करता येतील काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमच्या लोधीखेडा-सौंसरच्या मुलखात हा प्रश्न पुस्तकी नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी बोलणारा भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली छिंदवाड्यापासून अलग होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात आता आमचा समावेश होतो. छिंदवाड्यास स्वीडनच्या लुथरन मिशनचे काम एकोणिसाव्या शतकापासूनचे आहे. त्यामुळे ख्रिस्ती शेजारी ही आमच्या भागात नवलाची गोष्ट नव्हे. गावात कोणी दीर्घ दुखण्याने अंथरुणास खिळला, म्हणजे घरचे लोक नागपूरच्या डॉक्टरांकडे नेतात, जामसावळीच्या मारुतीपुढे नेऊन बसवितात, कुलदेवतेला नवस बोलतात. ह्यांपैकी कशाचीही चर्चा होत नाही. परंतु एखादा ख्रिस्ती परिचित त्याच खाटेपाशी बसून, डोळे मिटून, दोन शब्द प्रार्थनेचे बोलला, की चर्चा सुरू होते. ही प्रार्थना माणसासाठी आहे की धर्मासाठी? शेजाऱ्यांचा हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. तो न्यायालयांनाही पडला आहे, आणि खुद्द ख्रिस्ती विचारवंतांनाही पडला आहे.

प्रथम त्या धर्माचे स्वतःचे म्हणणे काय ते पाहू. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना सांगतो की, लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करू नका. खोलीत जा, दार लावून घ्या आणि जो गुप्तपणे पाहतो त्या पित्याशी बोला. त्याच शुभवर्तमानाच्या शेवटी तोच गुरू त्याच शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जाण्याची व त्यांना शिष्य करण्याची आज्ञा करतो. एका आज्ञेत दार लावावयाचे आहे, दुसरीत घर सोडून जगभर जावयाचे आहे. ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा, ह्याचे एक उत्तर पेत्राच्या पहिल्या पत्रात सापडते. तुमच्या आशेचे कारण जो कोणी विचारील त्यास उत्तर देण्यास सिद्ध असा, परंतु ते सौम्यतेने व आदराने द्या, असा त्या ठिकाणचा आशय आहे. विचारणारा आधी आणि उत्तर मागून, हा त्यातला क्रम आमच्या मते फार महत्त्वाचा आहे.

हा क्रम आपल्या परंपरेला परका नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात सर्व उपदेश संपल्यावर भगवंत अर्जुनाला बजावतात की, ज्याला ऐकण्याची इच्छा नाही त्याला हे सांगू नये; आणि लगेच पुढे, जो भक्तांमध्ये हे ज्ञान पोचवील त्याची थोरवी सांगतात. म्हणजे सांगावे, पण श्रोत्याची शुश्रूषा, ऐकण्याची इच्छा, पाहून सांगावे. आपल्याकडील कीर्तनाची रीतही अशीच आहे. कीर्तनकार आपली श्रद्धा लपवून ठेवीत नाही, तो ती टाळमृदंगाच्या गजरात सांगतो. पण मांडवाला भिंती नसतात. ज्याला बसावेसे वाटेल तो बसतो, ज्याला उठावेसे वाटेल तो उठतो, आणि उठून गेलेल्याला उद्या किराणा मिळणार नाही अशी भीती नसते. श्रद्धा वाटण्याचा प्रकार म्हणून कीर्तनाला कोणी आक्षेप घेत नाही, त्याचे कारण ह्या मोकळेपणात आहे.

आता महाराष्ट्रात घडलेल्या ज्या प्रकरणात हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला, त्याकडे वळू. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेतील मित्रमंडळींच्या साहाय्याने त्यांनी १८८९ च्या मार्च महिन्यात मुंबईस शारदासदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. उच्चवर्णीय बालविधवांना विद्या व आश्रय देणे हा सदनाचा हेतू होता, आणि धर्माच्या बाबतीत तटस्थता हा त्याचा जाहीर करार होता. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर ह्यांच्यासारखी माणसे ह्या वचनावर विश्वासून सल्लागार झाली होती.

पुढे बोभाटा झाला तो ह्यावरून की, रमाबाई आपल्या खोलीत रोज प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही, पण हाकलूनही दिले नाही. पुण्यातील वृत्तपत्रांत, विशेषतः ‘केसरी’त, कडक टीका झाली. १८९३ साली सल्लागारांनी आपला संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

वकिलाच्या सवयीने पाहिले तर ह्या खटल्यात दोन्ही पक्षांच्या बाजूने बोलण्यासारखे आहे. रमाबाईंच्या बाजूने असे की, तटस्थतेचे वचन संस्थेने दिले होते. संस्थाचालिकेने स्वतःचा देव सोडण्याचे वचन दिले नव्हते. एखाद्या हिंदू मुख्याध्यापकाने आपल्या घरी उघड्या दाराने पूजा केली आणि विद्यार्थी प्रसादास आले, तर त्याला आपण धर्मप्रसारक म्हणणार नाही. दार लावून प्रार्थना करा, असे रमाबाईंना सांगणे म्हणजे श्रद्धा ही लज्जेची वस्तू आहे असे सांगण्यासारखे झाले असते. पालकांच्या बाजूने असे की, त्या खोलीत बसणारी स्त्री त्या मुलींना निव्वळ शेजारीण नव्हती. तीच त्यांची शिक्षिका, तीच अन्नदात्री, आणि जगात ज्यांना दुसरे कोणी उरले नव्हते त्यांची तीच आई होती. अशा व्यक्तीने न बोलावताही तिचे बोलावणे पोचते. बारा-पंधरा वर्षांच्या पोरक्या मुलीला ‘मी तेथे बसले तर बाईंना बरे वाटेल’ असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि हे वाटणे श्रद्धेचे आहे की कृतज्ञतेचे, हे ती स्वतःसुद्धा सांगू शकणार नाही.

म्हणजे दोष दाराच्या उघडे असण्यात नव्हता. प्रश्न असा होता की, त्या दारातून आत जाणारी मुलगी तितक्याच सहजतेने बाहेर येऊ शकत होती काय? आणि येथे इतिहासाने एक साक्ष आपल्यासाठी ठेवलेली आहे. सदनातील आरंभीच्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. त्या काही वर्षे रमाबाईंच्या सहवासात राहिल्या, शिकल्या, आणि हिंदूच राहिल्या. १८९३ सालीच धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. पुढे ‘माझे पुराण’ ह्या आत्मचरित्रात त्यांनी ह्या दिवसांची हकीकत लिहून ठेवली. ज्या खोलीतून गोदूबाई गोदूबाईच राहून बाहेर येऊ शकल्या, ती खोली सापळा होती असे म्हणवत नाही. परंतु ज्या मुली पालकांनी काढून नेल्या त्या कोठे गेल्या, हाही प्रश्न विचारला पाहिजे. ज्या घरांतील केशवपनाला, उपासमारीला व अपशब्दांना कंटाळून त्या आल्या होत्या, त्यांतल्या कित्येकींना त्याच घरांत परत जावे लागले असेल. बाहेर जाण्याचे दार सदनाच्या बाजूने उघडे असले तरी समाजाच्या बाजूने त्याला कडी होती. ह्या गोष्टीचा विचार त्या वेळच्या वादात फारसा झाला नाही.

ह्याहून कठीण प्रसंग तीन-चार वर्षांनी आला, आणि त्याचा संबंध आमच्याच प्रांताशी आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांताची दैना झाली. रमाबाई स्वतः ह्या प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुलींना शेकडोंनी घेऊन गेल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. ते उघडपणे ख्रिस्ती होते. तेथे तटस्थतेचे वचन कोणास दिलेले नव्हते. भुकेल्या पोरीला भाकरी देऊन तिला आपल्या देवाची प्रार्थना शिकविणे, हे प्रलोभन म्हणावे की पालन म्हणावे? भाकरीच्या आशेने धर्म बदलणे आणि भाकरी देणाऱ्या घरात वाढून त्या घराचा धर्म उचलणे ह्यांत भेद आहे, आणि नाहीही. तथापि ज्या समाजाने त्या पोरी रस्त्यावर सोडल्या त्याला, त्या कोणत्या देवाच्या घरी वाढल्या ह्याचा जाब विचारताना, आवाज जरा खाली ठेवावा लागतो.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र कायद्याला ठाम भूमिका घ्यावी लागते. मुंबईस १८४३ साली नारायण शेषाद्री ह्या तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. त्याचे वय अवघे बारा वर्षांच्या आसपास होते. वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलास वडिलांच्या स्वाधीन केले. हा निवाडा आम्हांस योग्य वाटतो. ज्याला नकाराची किंमत कळत नाही त्याच्या होकाराला वजन नसते. पण कथा तेथे संपली नाही. घरी परत आलेल्या त्या मुलाला जातीत घ्यावे की नाही ह्यावर मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी कंबर कसली आणि त्यापायी त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. ‘आमचा मुलगा परत द्या’ म्हणून न्यायालयात जाणारा समाज, मुलगा परत मिळाल्यावर ‘तो आता आमचा नाही’ असे म्हणू लागला होता. पादऱ्यांच्या दाराचा विचार करताना आपल्या दाराचा विचारही करावा लागतो, तो ह्याकरिता.

सज्ञान माणसाच्या बाबतीत नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई ह्यांचे उदाहरण आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असता डब्यातील एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांचे काव्याविषयी बोलणे झाले, ते पुढे धर्मावर गेले, आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. त्या गृहस्थाच्या हाती टिळकांना देण्यासारखी नोकरी नव्हती, घर नव्हते, धाक नव्हता. दोघेही प्रवासी होते. पुस्तक वाचावे की खिडकीतून टाकून द्यावे हे सर्वस्वी टिळकांच्या हाती होते. श्रद्धा वाटण्याचा ह्याहून निर्दोष प्रकार आम्हांस सुचत नाही.

परंतु १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तो लक्ष्मीबाईंवर वज्राघातासारखा कोसळला. जो निर्णय पतीच्या दृष्टीने मुक्तीचा होता, तो पत्नीच्या दृष्टीने संसार मोडल्याचा होता. काही वर्षे दोघे दूर राहिली. नंतर त्या अहमदनगरला पतीकडे राहावयास आल्या, त्या आपले सोवळे-ओवळे बरोबर घेऊन. ख्रिस्ती वस्तीत राहून त्यांनी आपला स्वयंपाक व आपले पाणी निराळे ठेवले, आणि टिळकांनी ते ठेवू दिले. ज्या माणसाच्या अंगी देवाविषयी एवढी उत्कटता होती, त्याने स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र घाई केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे सांगावयास नको की, त्या पुस्तकातील बाई कोणाच्या सांगण्यावरून काही करणाऱ्यांपैकी नव्हती. टिळकांच्या बाप्तिस्म्याने पत्नीवर झालेला आघात त्यांच्या पुढील धीराने पुसला जात नाही. पण तो धीर आहे म्हणूनच त्यांच्या घरातील श्रद्धेच्या वाटणीला आपण मान देतो. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघेही त्यात येऊ शकत. पगार व उपदेश ह्यांची गाठ सोडण्याची त्यांना वाटलेली ही निकड लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता कायद्याकडे वळू. घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर वाद झाला, तेव्हा ‘प्रचार’ हा शब्द गाळावा असे लोकनाथ मिश्रांनी सुचविले. कन्हैयालाल मुनशी इत्यादींनी तो राखण्याच्या बाजूने भाषणे केली आणि तो राहिला. पुढे मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी ह्यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यास समिती नेमली. १९५६ सालच्या तिच्या अहवालाने मोठी खळबळ उडाली. तक्रारी खऱ्या होत्या असे एक पक्ष म्हणाला, चौकशी पक्षपाती होती असे दुसरा म्हणाला. १९६८ साली राज्यात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. त्याने बळ, प्रलोभन व कपट ह्यांनी केलेले धर्मांतर दंडनीय ठरविले. स्टॅनिस्लॉस ह्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली हा कायदा वैध ठरविला. आपल्या धर्माची तत्त्वे उलगडून सांगण्याचा हक्क घटनेने दिला आहे, दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क दिलेला नाही, असा त्या निर्णयाचा मथितार्थ आहे. २०२१ साली अधिक कडक कायदा आला आणि त्याने जुन्याची जागा घेतली.

ह्या कायद्यांच्या गुणदोषांची सविस्तर चर्चा येथे प्रस्तुत नाही. दोन गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. १९६८ च्या कायद्यात ‘बळ’ ह्या शब्दाच्या व्याख्येत दैवी कोपाची धमकी आणि सामाजिक बहिष्काराची धमकी ह्या दोन्ही घातल्या होत्या. ही व्याख्या आम्हांस फार समंजस वाटते. ‘आमच्या देवाला मानले नाहीस तर तुझे लेकरू जगणार नाही’ असे जो आजाऱ्याच्या उशाशी म्हणतो त्याने प्रार्थना केलेली नाही, त्याने धाक घातला आहे. पण त्याच व्याख्येचा दुसरा अर्धा भाग आपल्यालाही लागू केला पाहिजे. ‘त्यांच्या प्रार्थनेला गेलास तर विहीर बंद, लग्नकार्य बंद’ असे जो म्हणतो, तोही धाकच घालतो. कायद्याच्या अक्षरात ही धमकी कदाचित बसणार नाही, कारण तो धर्मांतर करविणाऱ्यासाठी लिहिलेला होता. न्यायाच्या दृष्टीने दोन्ही धमक्यांचे वजन एकच आहे.

दुसरी गोष्ट अशी की, ह्या कायद्यांनी अज्ञान बालक, स्त्री आणि अनुसूचित जातिजमातींची माणसे ह्यांना एका ओळीत बसविले आणि त्यांच्या बाबतीतील गुन्ह्यास अधिक शिक्षा ठेवली. दुबळ्याचे रक्षण हा त्यामागचा हेतू समजण्याजोगा आहे. पण बारा वर्षांचा श्रीपत आणि प्रौढ लक्ष्मीबाई टिळक ह्यांना एकाच मापाने मोजणे आम्हांस पटत नाही. आणि ज्यांना दुबळे म्हटले त्यांनी काय केले हे नागपूरने पाहिलेच आहे. काळारामाच्या दारासाठी नाशकात १९३० पासून सत्याग्रह झाला, १९३५ साली येवल्यास डॉक्टर आंबेडकरांनी धर्मत्यागाची घोषणा केली आणि त्यानंतर एकवीस वर्षे अनेक धर्मांचा अभ्यास करून १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्यासह लाखो माणसांनी ती घेतली. त्यांना कोणी भुलविले नव्हते. बाहेरच्या कोणाच्या उघड्या दारापेक्षा आपले बंद दार त्यांच्या जाण्यास अधिक कारण झाले.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे कुलदैवत गोमंतकात आहे. त्यांना ह्या विवेचनावर एक आक्षेप घ्यावासा वाटेल आणि तो रास्त आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास न्यावी लागली. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, गोव्यात धर्मन्यायासन होते. ज्यांच्या पूर्वजांनी देवाची मूर्ती रातोरात नदीपार नेली, त्यांना ‘शेजाऱ्याची प्रार्थना शांतपणे ऐका’ असे सांगणे सोपे नाही. ह्यावर आमचे उत्तर असे की, ही स्मृती विसरू नये, पण तिचा अर्थ नीट लावावा. त्या काळी श्रद्धेच्या पाठीशी राजसत्ता उभी होती. नकार देणाऱ्याला घर, जमीन, देऊळ गमवावे लागत होते. अन्याय तेथे होता. त्याच काळात, त्याच सत्तेच्या छायेत, फादर स्टीफन्सने मराठी भाषेवर जीव टाकून ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. कोकणी भाषेचे त्याने लिहिलेले व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. ह्या दोन भाषांवर प्रेम करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या माणसाचा ग्रंथ आपला वाटतो आणि त्यामागचे न्यायासन परके वाटते. हे दोन्ही वाटणे बरोबर आहे. ग्रंथ वाचावा की नाही हे आपल्या हाती असते. न्यायासनापुढे काहीच आपल्या हाती नसते.

एवढ्या विचारानंतर आम्ही ज्या निर्णयावर येतो तो थोडक्यात असा. श्रद्धा सांगण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, पण तो श्रोत्याच्या नकाराच्या अधिकाराइतकाच मोठा आहे. जेथे नकार देणाऱ्याचे काही बिघडत नाही तेथे मोकळेपणाने सांगावे. जेथे सांगणारा हा ऐकणाऱ्याचा मालक, शिक्षक, वैद्य, सावकार किंवा अन्नदाता आहे, तेथे त्याने विचारल्यावाचून बोलू नये आणि विचारल्यावरही थोडेच बोलावे. आजाऱ्याच्या खाटेपाशी बसलेल्या ख्रिस्ती मित्राने प्रथम त्याची व घरच्यांची अनुमती घ्यावी. मिळाली तर त्याच्या बरे होण्यासाठी प्रार्थना करावी, आणि तो बरा झाला तर त्या उपकाराची वसुली करू नये. न मिळाली तर घरी जाऊन, त्याच्या गुरूने सांगितल्याप्रमाणे, दार लावून प्रार्थना करावी. ती तेथूनही पोचते, असे त्याचाच धर्म सांगतो. ख्रिस्ती लोकांच्या नित्याच्या प्रार्थनेत भाकरी मागितली जाते ती ‘मला’ नव्हे, ‘आम्हांला’ म्हणून; आणि ज्ञानदेवांनी पसायदानात मागितले ते कोणा एका संप्रदायासाठी नव्हे. दुसऱ्यासाठी केलेल्या अशा मागण्याने कोणाचा धर्म बुडतो असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या बाजूचे कर्तव्यही कमी नाही. शेजारी काय सांगतो ते ऐकून, आपल्याला काय वाटते ते त्याला शांतपणे सांगता यावे, एवढे आपल्या धर्माचे ज्ञान आपल्यापाशी असावे. देवळाच्या मंडळींनी हा विचार विशेष करावा. ज्याला आपल्या संतांची नावे ठाऊक आहेत पण त्यांनी काय सांगितले ते ठाऊक नाही, तो परक्या प्रार्थनेला भितो आणि ती भीती पोलिसांकडे तक्रार करून भागवू पाहतो. पोलिसाने फार तर एक सभा बंद होईल. श्रोत्याच्या मनातील प्रश्न बंद होणार नाही. जो दुसऱ्या दारी जाऊन बसला आहे त्याला तेथे काय मिळाले, हे आपण त्याला एकदा तरी विचारावे. कदाचित तो सांगेल की, दुखण्यात विचारपूस करावयास तेथून कोणीतरी येत असे. ह्याचे उत्तर कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. ते उत्तर आपण त्या घरी जाऊनच द्यावयाचे आहे. आणि तो आपल्याकडे परत येवो वा न येवो, गेल्यानंतर त्याच्याशी सोयरिकीचे, पाण्याचे व सुखदुःखाचे नाते न तोडता द्यावयाचे आहे.